बॅटरी मांडवात, गाडी खिंडीत

आमच्या घरात माणसं चार आणि बॅटरी एक, आणि या पाचांत सगळ्यात जास्त लाड बॅटरीचे व्हायचे. मी, माझा धाकटा भाऊ, आई आणि बाबा अशी आम्ही चौघं पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला एका कौलारू घरात राहत होतो. बाबांची एक जुनी अमेरिकन मोटार होती. मुंबईच्या कुणा पारशाने वापरून, त्याच्या मुलाने वापरून, मग ती बाबांकडे आली होती. पनवेल ते आपटा अशी ते सवारी भरायचे, आणि लग्नसराईत नवरा-नवरी आणायचे. संध्याकाळी गाडी उभी राहिली की पायाखालची फळी उचलून बॅटरी बाहेर काढायची आणि पडवीत एका पाटावर ठेवायची, हा रोजचा रिवाज. गाडी बाहेर, बॅटरी घरात. चोरीची भीती होती म्हणा, पण मला वाटतं बाबांना ती नजरेसमोर हवी असायची. ते फडक्याने तिच्या वायरी जोडायच्या खुंट्या पुसायचे, झाकणं काढून आतलं पाणी बघायचे. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "माजी सवत आली बग घरात." आईच्या दोन लुगड्यांना त्या सवतीच्या तेजाबाने भोकं पाडली होती, त्यामुळे ते बोलणं नुसतं थट्टेचं नव्हतं.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे आईच्या हातावरून तव्यावर पडणारी तांदळाची भाकरी, सुकटीला फोडणी दिल्याचा चर्र, आणि मग अंगणात बाबा गाडीला हँडल मारायचे तो घर्र, घर्र, आणि तिसऱ्यांदा घर्र झाल्यावर इंजिनाने धरलेला ठेका. तो ठेका धरला की आई चुलीवरून न उठता म्हणायची, "लागली." म्हणजे दिवस लागला, असंच आम्ही समजायचो. खारा वारा असला की गाडी रुसायची, मग दहा-दहा वेळा हँडल मारावं लागे आणि सुकटीचा वास सोसत बाबा घामाघूम होत. आम्ही आगरी, मिठागराच्या आणि खारजमिनीच्या कामात पिढ्या गेलेल्या. घरातले पहिले ड्रायव्हर बाबाच. त्यांना याचा फार अभिमान होता, आणि अभिमानाबरोबर येतो तसा हट्टही होता.

बाबांचा दुसरा दोष म्हणजे त्यांना नाही म्हणता येत नसे. त्या काळी गावोगाव लग्नात लाऊडस्पीकर लावायची हौस आली होती. वीज फार थोड्या ठिकाणी, म्हणून भोंगा चालायचा तो मोटारीच्या बॅटरीवर. साहजिकच लग्नाची सुपारी फुटली की नवरीचा बाप मांडवाच्या बांबूंची जुळवाजुळव करायच्या आधी बॅटरीवाल्याकडे धावायचा. बाबांकडे बॅटरी आहे हे पंचक्रोशीला ठाऊक. कुणी येऊन "नामाशेट, हळदीला एक दिस बॅटरी द्या" म्हटलं की बाबा होकार देऊन मोकळे. मग गाडीचं काय? त्यावर बाबांनी स्वतःचं शास्त्र काढलं होतं. एकदा आपट्याला त्यांची बॅटरी बसली होती. त्यांनी एका ट्रकवाल्याची बॅटरी लावून गाडी सुरू केली, चालत्या इंजिनावर त्याची त्याला परत दिली आणि पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने बॅटरीशिवाय थेट पनवेलला येऊन पोचले. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगायचे, "गारी चालू झाली का बॅटरीचा काम संपला. मंग ती नुसती बसून खाते."

हे खोटं आहे हे मला उस्मानचाचांनी सांगितलं होतं. उस्मानचाचांचं बॅटरी चार्ज करायचं दुकान पुण्याच्या रस्त्याला होतं. मी शाळेतून येताना तिथे थांबायची, कारण तिथे काचेच्या भांड्यात बुडबुडे येत असायचे आणि ते का येतात हे चाचा न कंटाळता सांगायचे. मुलीला हे कशाला, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी बाबांचं शास्त्र त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बेटी, तुझ्या अब्बांना सांग, तुमच्या खारीच्या बांधाला उघाडी असते ना, ती आठवा." उघाडी म्हणजे बांधातलं झापेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी ती झाप ढकलून बाहेर जातं, भरतीला झाप दाबून बसते आणि खाडी आत येत नाही. चाचा म्हणाले, "इंजिनाबरोबर पट्ट्यावर डायनामो फिरतो. तो बॅटरीत वीज भरतो. मधे एक कटआउट आहे, ती तुमची उघाडी. डायनामोला जोर असेल तेव्हाच ती उघडते. गाडी हळू झाली, डायनामोचा जोर गेला, की उघाडी बंद. मग ठिणगीला वीज कोण देणार? बॅटरीच. आणि गाडी पळाली, डायनामो उधळला, तर जादा वीज पोटात घेणार कोण? तेही बॅटरीच. बॅटरी बसून नाही खात. देते पण आणि घेते पण." मी हे घरी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उस्मान दुकानदार हाय. त्याला बॅटऱ्या विकाच्या असतील."

आता माझ्या नातवाच्या गाडीत डायनामो नाही, अल्टरनेटर आहे. तो पुष्कळ शहाणा, गाडी सिग्नलला उभी असतानाही वीज देतो, असं नातू म्हणतो. पण परवाच नवीन पनवेलमध्ये आमच्या इमारतीखाली एक गृहस्थ चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग बघत' होते. मी वरून ओरडले. सत्तर-ऐंशीची म्हातारी गॅलरीतून बॅटरीबद्दल ओरडते आहे हे पाहून ते दचकलेच. पुढे त्यांच्या गाडीतलं काय काय जळालं ते त्यांनीच येऊन सांगितलं.

तर त्या काळी, मी मॅट्रिक झाले त्याला वर्ष झालं होतं. आमच्या आळीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे माझं पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी ट्रेनिंगला निवड व्हावी लागे आणि निवडीची मुलाखत अलिबागला होती. बोलावणं आलं ते भर वैशाखात. अकरा वाजता हजर राहावे, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, पण आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या साली झाला तर झाला, यमू. पुढल्या साली तुजे काका ऐकाचे नाय." काकांनी माझ्यासाठी पेणचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला तो नको होता, मला शाळा हवी होती.

मी म्हटलं, पहाटेच्या एस.टी.ने जाते. बाबांना तो अपमानच वाटला. "माज्या दारात गारी असताना माजी पोर एस.टी.त उभी राहून जानार?" झालं, गाडीनेच जायचं ठरलं. आणि हे ठरल्यावर दोनच दिवसांनी बेलपाड्याचे पांडूकाका आले. पांडूकाका म्हणजे बाबांचे मिठागरावरचे जुने सोबती. त्यांच्या मुलीची हळद नेमकी त्याच दिवशी होती. बाबांनी त्यांनाही हो म्हटलं, आणि आम्हाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी बाबा उजाडायच्या आत गाडी घेऊन गेले आणि साडेसातला परत आले ते इंजिन चालू ठेवूनच. दारात गाडी घोंघावते आहे आणि बाबा आत बसून. आई म्हणाली, "च्या घ्याला या." बाबा म्हणाले, "हिकडंच दे." आईने खिडकीतून कप दिला. एका हातात कप, एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, अशा थाटात त्यांनी चहा घेतला. शेजारची माणसं बघायला जमली. आईला अजून उमगेना. "तुमाला उतराला काय झालाय? पाय मोरलाय का?" मला मात्र शंका आली. मी जवळ जाऊन विचारलं, "बाबा, बॅटरी कुठं हाय?" बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "पांडूच्या मांडवात. बस तू. गारी चालू हाय ना?"

तोवर पहाटेची एस.टी. केव्हाच निघून गेली होती. मी बसले. नवं पांढरं पातळ, हातात सर्टिफिकेटांची पिशवी, आणि मनात बाबांवर राग. गाडी पळत होती तोवर बाबा खुशीत होते. पण हॉर्न ऐकून मला सगळं कळत होतं. गाडी वेगात असली की तो किंचाळायचा आणि हळू झाली की रेड्यासारखा घोगरा व्हायचा. समोरच्या फळीवरचा छोटा दिवा आधी लख्ख झाला आणि मग टिचकन गेला. जादा वीज पोटात घेणारी बेलपाड्याला बसली होती, दुसरं काय होणार? मी म्हटलं, "बाबा, दिवा गेला." ते म्हणाले, "दिवसा दिवा कशाला पायजे?"

कर्नाळ्याची खिंड चढताना पुढे बैलगाड्यांचं वऱ्हाड लागलं. सात-आठ गाड्या, बैलांच्या शिंगांना रंग, आत बायका गाणी म्हणतायत, कुणाला काही घाई नाही. बाबांनी क्लच दाबून इंजिन मोठ्या आवाजात गुरगुरतं ठेवलं. खिंड उतरून सपाटीला लागलो तरी वऱ्हाड पुढेच. शेवटी बाबांनी बाजूने काढायला गाडी घातली आणि एक बैल आडवा आला. बाबांनी ब्रेक दाबला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर सुटला आणि इंजिन गप्प झालं. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. बाबांनी उतरून हँडल मारलं. घर्र. घर्र. घर्र. ठिणगीलाच वीज नाही तर इंजिन धरणार कशावर? वऱ्हाडातल्या चार जणांनी उतरून गाडी ढकलली, तिने एक आचका दिला आणि पुन्हा थंड. मागून अलिबागची एस.टी. आली, टपापर्यंत भरलेली. बाबांनी हात केला. ती न थांबता धूळ उडवत गेली. साडेनऊ होऊन गेले होते.

बाबा पायरीवर बसले. माझ्याकडे बघेनात. मग खाली मान घालून म्हणाले, "मना वाटला जमल." त्यांचा चेहरा पाहून माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला रडायला येत होतं, आणि रडले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. तेवढ्यात वारा फिरला आणि शेताच्या पलीकडून लाऊडस्पीकरचं गाणं ऐकू आलं. फार लांब नव्हतं. आवाज बसलेला होता, घसा धरल्यासारखा, पण गाणं होतं. म्हणजे तिथे बॅटरी होती.

मी बाबांना म्हटलं तर ते उठेचनात. "हळदीच्या मांडवातून बॅटरी मागाची? कुन्या तोंडानी? दिलेला सबूद परत घेतल्यासारका होईल त्यांचा." ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना दिलं त्याला मागता येत नव्हतं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि बांधावरून एकटी निघाले.

मांडवात नवरदेव पाटावर बसलेला, बायका भोवती, आणि भोंग्याखाली ग्रामोफोनच्या पेटीवर एक माणूस तबकड्या बदलतोय. नवऱ्याच्या बापाला मी सगळं सांगितलं. कोण आहे, कुठे चालले आहे, अकरा वाजता काय आहे, आणि दिलेली बॅटरी संध्याकाळी परत आणून देईन. तो भला माणूस होता, पण पेचात पडला. "अगं बाय, हळद चालली हाय. भोंगा बंद केला तं मानसं काय बोलतील?" मी म्हटलं, "भोंग्याचा आवाज बसलाय ते ऐकलात ना? बॅटरी उतरलीय. दुपारपर्यंत आपोआपच बंद पडल. ती मना द्या, गाडीत बसवली का चालता चालता डायनामो तिला भरल. जाऊन येऊन साठ-सत्तर मैल होतील. संध्याकाळी नेली त्यापेक्षा भरलेली आणून देतंय." पेटीवाल्याने मान हलवली, "असा कुटं होतं? वापरलेली वस्तू भरून येते?"

तेव्हा बायकांतून एक म्हातारी उठली. हिरुबाय तिचं नाव. ती धवलारीण, म्हणजे आमच्या लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही, अशी रीत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दे ती बॅटरी पोरीला. सकालधरनं या भोंग्यानी माजा तोंड बंद केलाय. मी गातंय ना? मी मेले नाय अजून." बायका हसल्या. नवऱ्याचा बापही हसला आणि पेटीवाल्याला म्हणाला, "सोड रे वायरी."

त्यांच्या दोन पोरांनी बॅटरी बांबूला टांगून आणली. मागे हिरुबायचा आवाज सुरू झाला होता, म्हातारा, खणखणीत, भोंग्यापेक्षा लांब ऐकू येणारा. बॅटरी आमच्यासारखीच होती. मी बाबांना जाडी खुंटी कुठली, बारीक कुठली, गाडीच्या अंगाला कुठली वायर जाते, सगळं बोलून बोलून जोडायला लावलं, आणि घाईत एक वायर मीच आवळली. उतरलेल्या बॅटरीत सेल्फ फिरवायचा जोर नव्हता, पण ठिणगीपुरती वीज होती. बाबांनी हँडल मारलं. दुसऱ्याच घर्रला इंजिनाने ठेका धरला. "लागली," बाबा म्हणाले, आईसारखंच.

अलिबागला पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. कचेरीच्या दारातल्या कारकुनाने यादी बघितली आणि म्हणाला, "तुमचं नाव पुकारून झालं. आता काही होणार नाही." मी सगळं सांगून पाहिलं. तो ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे. मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले. आणि मग माझ्या बाजूने बाबा पुढे गेले, कारकून अडवीपर्यंत सरळ आतच शिरले. खाकी शर्ट, कोपरापर्यंत काळे हात. आत टेबलामागे दोन पुरुष आणि एक बाई बसल्या होत्या. बाबा बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चूक माजी हाय. ती एस.टी.नी जातंय बोलत व्हती, मी नाय पाठवली. बॅटरीचा तिनी मना सांगितला व्हता, मी नाय ऐकला. सजा द्याची तं मना द्या. पोरीला परत नका पाठवू." बाबांनी चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. घरातही नाही, कुणाकडेच नाही.

बाईंनी कारकुनाला हातानेच थांबवलं. मग मला आत बोलावलं. माझ्या पातळावर निऱ्यांपाशी तेजाबाने पिवळे डाग पडून कापड विरलं होतं, हातांना शिशाचा काळा थर. त्यांनी सर्टिफिकेटं बाजूला ठेवली. म्हणाल्या, "बॅटरीचं काय सांगितलं होतंस वडिलांना? चौथीच्या मुलांसमोर उभी आहेस असं समज आणि सांग." मी फळ्याजवळ गेले. खडू हातात घेतला. बांध काढला, उघाडी काढली, एका बाजूला डायनामो, दुसऱ्या बाजूला बॅटरी. देते कधी, घेते कधी. एक गृहस्थ मधेच म्हणाले, "उघाडी उलट्या बाजूला उघडते आहे तुमची." खरंच उलटी काढली होती. मी पुसून सुलटी काढली आणि पुढे सांगत राहिले. बाबा दारात उभे होते, कुणी त्यांना बाहेर जा म्हटलं नव्हतं. ते फळ्याकडे बघत होते.

निकाल पत्राने कळेल, एवढंच बाई म्हणाल्या. आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पोयनाड मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "म्हंजे आता आपन चाललोत, तवा ती भरते हाय?" मी म्हटलं, "हो." "आनि हॉर्न वाजवला तं?" "तर थोडी देते." त्यांनी हॉर्न वाजवला. चांगला, एकसारखा वाजला. मग वडखळपर्यंत ते एकेक प्रश्न विचारत राहिले. तिसऱ्या-चौथ्याचं उत्तर मला आलं नाही, ते मी उस्मानचाचांना विचारून सांगते म्हटलं, आणि या वेळी दुकानदाराबद्दल बाबा काही बोलले नाहीत.

उन्हं कलता कलता आम्ही त्या मांडवात पोचलो. बाबांनी गाडी आंब्याखाली लावली, इंजिन बंद केलं, बॅटरी स्वतः खांद्यावर घेतली आणि गाडी उद्या आपली बॅटरी आणून नेईन, असं नवऱ्याच्या बापाला सांगून टाकलं. बॅटरीशिवाय ती पुन्हा हाकायची नाही, हे मला सांगावं लागलं नाही. पेटीवाल्याने वायरी जोडल्या, तबकडी लावली, आणि भोंगा असा कडाडला की कडेची कोंबडी उडाली. पेटीवाला माझ्याकडे बघत राहिला. हिरुबायने दोन्ही कान झाकले आणि मला म्हणाली, "कशाला भरून आनलीस गं मेले?"

नवऱ्याच्या बापाने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "झाला का पोरीचा काम?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "झाला. मास्तरीन हाय ती." मी म्हटलं, "बाबा, अजून पत्र यायचंय." बाबा पितळी तांब्या खाली ठेवत म्हणाले, "त्यांचा पत्र येल तवा येल. मना तिनी आज शिकवला, मना ठावं हाय."

पत्र पावसाळ्याच्या तोंडावर आलं आणि मी ट्रेनिंगला गेले. त्यानंतर मला पुष्कळांनी बाई म्हटलं, पण त्या संध्याकाळी, त्या अनोळखी मांडवात, माझे बाबा चार माणसांसमोर मास्तरीण म्हणाले तेव्हा मी पदर तोंडाला लावून रडले, आणि लग्नघरच्या बायकांना वाटलं, पोरगी दमली असेल.